संशयाचा फायदा : लष्करी लक्ष्यनिवड आणि कृत्रिम बुद्धिमत्ता या विषयाची प्रस्तावना

या विषयाकडे वळणाऱ्या वाचकांत दोन प्रकारचे लोक आढळतात. कायदा शिकलेल्यांना गणिताची धास्ती असते आणि इंजिनिअरांना कलमांची. दोघांनाही सुरुवातीलाच सांगून टाकतो, की आत शिरायला या दोन्हींपैकी फार थोडे लागते. लागते ती एका प्रश्नाला चिकटून राहण्याची चिकाटी. समोरचा माणूस लढणारा आहे की साधा नागरिक, याची खात्री नसेल तेव्हा काय करायचे, आणि ते ठरवायचे कोणी? युद्धाच्या कायद्याने या प्रश्नाचे उत्तर केव्हाच देऊन ठेवले आहे. यंत्राच्या आगमनानंतर त्या उत्तराचे काय होते, हा या पुस्तकाचा खरा विषय.

आधी एक गैरसमज बाजूला करू. ‘युद्धातली कृत्रिम बुद्धिमत्ता’ म्हटले की डोळ्यांपुढे स्वतःच्या मर्जीने माणसे मारत सुटलेला रोबॉट येतो. लिबियाविषयी संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञगटाने २०२१ साली दिलेल्या अहवालात तुर्की बनावटीच्या ‘कारगू-२’ या ड्रोनचा उल्लेख आला, तेव्हा जगभर असेच मथळे झळकले. प्रत्यक्षात त्या ड्रोनने माणसाच्या आज्ञेविना कोणाचा जीव घेतला, असे त्या अहवालात स्पष्टपणे म्हटलेले नाही. पूर्ण स्वायत्त शस्त्रांचा प्रश्न खोटा नाही. युक्रेनच्या युद्धात जॅमिंगमुळे चालकाशी संपर्क तुटल्यावर शेवटचा टप्पा स्वतःच्या दृष्टीवर पार करणारे ड्रोन वापरात आले आहेत. पण आज कायद्याची खरी कसोटी लागते आहे ती त्याहून नीरस जागी. एका कार्यालयात संगणकाच्या पडद्यावर एक यादी उमटते, प्रत्येक नावापुढे किंवा इमारतीपुढे एक आकडा असतो, आणि खुर्चीत बसलेला अधिकारी ‘मंजूर’ म्हणतो. इथे माणूस आहे. तो नेमके काय करतो आहे, हे मात्र पाहावे लागते.

कायदा काय मागतो ते थोडक्यात पाहू. १८६८ च्या सेंट पीटर्सबर्ग घोषणेत युद्धाचा न्याय्य हेतू शत्रूचे लष्करी बळ कमी करणे एवढाच मानला गेला. १९४९ चे जिनिव्हा करार आणि त्यांना १९७७ मध्ये जोडलेला पहिला अतिरिक्त प्रोटोकॉल यांतून आजची चौकट उभी राहिली. तिचे तीन खांब आहेत. सैनिक आणि नागरिक यांत भेद करा. हल्ल्यातून अपेक्षित लष्करी लाभाच्या मानाने नागरिकांची हानी अवाजवी होणार असेल तर हल्ला करू नका. आणि हल्ल्यापूर्वी शक्य ती सर्व खबरदारी घ्या. पहिल्या दोन खांबांवर ग्रंथच्या ग्रंथ लिहिले गेले आहेत. मला वाचकाला थांबवायचे आहे ते दोन छोट्या तरतुदींपाशी. ५० व्या कलमानुसार, एखादी व्यक्ती नागरिक आहे की नाही याबद्दल शंका असेल तर तिला नागरिकच मानायचे. ५७ व्या कलमानुसार, लक्ष्य खरोखर लष्करी आहे याची खातरजमा करण्यासाठी शक्य असेल ते सर्व करायचे. आपल्या फौजदारी न्यायालयात आरोपीला मिळतो तसा संशयाचा फायदा युद्धभूमीवर नागरिकाला द्यायचा, असा या दोन कलमांचा एकत्रित अर्थ आहे.

भारत, अमेरिका आणि इस्रायल या तिघांनीही या १९७७ च्या प्रोटोकॉलला मान्यता दिलेली नाही. म्हणून ते मोकळे सुटतात असे नव्हे. भेद, प्रमाण आणि खबरदारी ही तत्त्वे रूढ आंतरराष्ट्रीय कायद्याचा भाग मानली जातात आणि रूढ कायदा सर्वांना बांधतो. शंकेच्या नियमाची व्याप्ती किती, यावर मात्र वाद होता आणि आहे. ब्रिटनने प्रोटोकॉल मान्य करतानाच जोडलेल्या निवेदनात म्हटले, की या नियमामुळे आपल्या सैनिकांचे रक्षण करण्याचे सेनाधिकाऱ्याचे कर्तव्य बाजूला पडत नाही. अमेरिकेच्या संरक्षण खात्याच्या युद्धकायदा नियमपुस्तिकेत जुलै २०२३ मध्ये बदल झाला. विरुद्ध माहिती हाती नसेल तर व्यक्ती आणि वास्तू संरक्षित आहेत असे गृहीत धरावे, ही भूमिका तिथे त्या बदलानंतर आली. म्हणजे ज्या काळात यंत्राकडून लक्ष्ये सुचवून घेण्याचा वेग वाढत होता, त्याच काळात शंकेचा नियमही कागदावर ठळक होत होता. हा योगायोग की अस्वस्थता, ते वाचकाने ठरवावे.

आता यंत्राकडे येऊ. यंत्राला शंका येत नाही. ते शंकेचा आकडा करते. हा माणूस लढणारा असण्याची शक्यता ०.८३, त्या शेजारच्याची ०.६१, असे. आकडा स्वतः निर्णय घेत नाही, त्याला एक उंबरठा लागतो. ०.८ च्या वरचे यादीत, खालचे बाहेर. मग कायद्याने सांगितलेली ‘शंका’ कुठे गेली? ती उंबरठा ठरवणाऱ्याच्या टेबलावर गेली, कदाचित हल्ल्याच्या कित्येक महिने आधी. यादी अपुरी पडली म्हणून कोणी तो ०.८ चा ०.७ केला, तर एका फटक्यात हजारो लोकांच्या बाबतीतला संशयाचा फायदा काढून घेतला जातो, आणि त्या कृतीला कोणी ‘हल्ला’ म्हणत नाही. माझ्या मते या क्षेत्रातला सर्वांत दुर्लक्षित कायदेशीर प्रश्न हाच आहे.

गणिताला घाबरणाऱ्यांसाठी इथे एक हिशेब मांडतो. पाचवीच्या वर्गातली टक्केवारी पुरेल. समजा, दहा लाख वस्तीच्या शहरात पाच हजार सशस्त्र लढवय्ये आहेत. यंत्र ९९ टक्के अचूक आहे, म्हणजे शंभरातले ९९ लढवय्ये ते ओळखते आणि शंभर नागरिकांपैकी एकालाच चुकून लढवय्या ठरवते. विक्रेत्याच्या पत्रकावर हा आकडा छान दिसतो. आता यादी काढू. पाच हजारांपैकी ४,९५० लढवय्ये यादीत आले. उरलेल्या ९,९५,००० नागरिकांचा एक टक्का म्हणजे ९,९५० लोकही त्याच यादीत आले. एकूण नावे १४,९०० आणि त्यांतली दोन तृतीयांश निरपराधांची. यंत्र बिघडलेले नाही, कोणी लबाडी केलेली नाही. शोधायची गोष्ट विरळ असली की असेच होते. वैद्यकीय चाचण्यांच्या बाबतीत डॉक्टर हे जाणून असतात, म्हणून ते दुसरी चाचणी सांगतात. युद्धात दुसरी चाचणी म्हणजे माणसाची खातरजमा, आणि तिला वेळ लागतो.

शिवाय ‘९९ टक्के अचूक’ हे कशाशी ताडून पाहिले, हेही विचारले पाहिजे. रुग्णाचा रोग पुढे स्पष्ट होतो. ढिगाऱ्याखालचा माणूस कोण होता, हे पुष्कळदा कधीच स्पष्ट होत नाही. आणि नोंद करणाऱ्याने त्याला लढवय्या म्हणून लिहिले, तर तीच नोंद पुढच्या यंत्राला शिकवायला वापरली जाते. चूक अशा रीतीने पुरावा बनते.

माणूस आणि यंत्र एकत्र बसले की काय घडते, याचे अनुभव कृत्रिम बुद्धिमत्तेच्या आजच्या लाटेहून जुने आहेत. ३ जुलै १९८८ रोजी इराणच्या बंदर अब्बासहून दुबईला निघालेले इराण एअरचे ६५५ क्रमांकाचे विमान अमेरिकी युद्धनौका ‘व्हिन्सेन्स’ने पाडले. २९० माणसे गेली. त्यांत ६६ मुले होती आणि दहा भारतीयही होते. नौकेवर ‘एजिस’ ही त्या काळातली अत्याधुनिक लढाऊ संगणकप्रणाली होती. प्रणालीच्या नोंदीत विमान वर चढत होते. नौकेवरचे लोक एकमेकांना सांगत होते की ते खाली येते आहे. यंत्र बरोबर होते, माणसांनी आपल्या भीतीला साजेसे वाचले. याच्या उलट २००३ च्या इराक युद्धात घडले. अमेरिकेच्या ‘पॅट्रियट’ प्रणालीने मार्चमध्ये ब्रिटनचे ‘टोर्नेडो’ विमान शत्रूचे क्षेपणास्त्र समजून पाडले. पुढच्याच महिन्यात अमेरिकेच्याच नौदलाचे एक लढाऊ विमान तिला बळी पडले. यंत्र चुकले होते आणि त्यावर भरवसा ठेवायला शिकवलेल्या माणसांकडे त्याला अडवायला क्षणच उरले होते. तिसरी तारीख सर्वांना आवडणारी आहे, २६ सप्टेंबर १९८३. सोव्हिएत उपग्रहप्रणालीने अमेरिकेकडून पाच क्षेपणास्त्रे येत असल्याचे सांगितले. कर्तव्यावर असलेले स्तानिस्लाव्ह पेत्रोव्ह यांनी तो इशारा खोटा ठरवला. तो होताही खोटा; उंच ढगांवरून परावर्तित झालेल्या सूर्यप्रकाशाने प्रणालीला फसवले होते. पेत्रोव्ह यांची गोष्ट ‘माणूस असला की सगळे ठीक’ याचा दाखला म्हणून सांगितली जाते, तेव्हा मला चुळबुळ होते. त्यांच्याकडे शंका घ्यायला काही मिनिटे होती, त्या प्रणालीच्या मर्यादांचे ज्ञान होते, आणि खरा हल्ला केवळ पाच क्षेपणास्त्रांचा नसेल, असे म्हणण्याइतकी समज होती. या तीनही गोष्टी काढून घ्या, आणि खुर्चीतला माणूस शिक्क्याच्या कामाचा उरतो.

यंत्रावरच्या या आंधळ्या भरवशाचा अभ्यास मानसशास्त्रज्ञांनी केला आहे. लिंडा स्किटका आणि कॅथलीन मोझिअर यांनी १९९० च्या दशकात दाखवले, की यंत्राची सूचना समोर असली की माणसे विरुद्ध पुरावा शोधायचे थांबतात, आणि यंत्राने जे सांगितले नाही ते त्यांच्या नजरेतून निसटते. आपल्याकडच्या वाचकाला हे समजायला प्रयोगशाळेची गरज पडू नये. अश्वत्थामा मेल्याची हाळी ऐकून द्रोणाचार्यांनी भीमावर विश्वास ठेवला नाही. खात्री करून घ्यायला ते युधिष्ठिराकडे गेले. खातरजमा केली नाही, असा दोष त्यांना देता येत नाही. ज्याचा शब्द कधी खोटा ठरला नव्हता त्याला विचारले, आणि तिथेच त्यांचे पुढचे विचारणे संपले.

गाझातल्या युद्धाने हे सारे प्रश्न परिषदांच्या सभागृहातून बाहेर आणले. इस्रायलचे माजी लष्करप्रमुख अविव कोहावी यांनी २०२३ मध्ये एका मुलाखतीत सांगितले होते, की पूर्वी गाझात वर्षाला पन्नासेक लक्ष्ये तयार होत. यंत्राच्या मदतीने ती दिवसाला शंभर होऊ लागली. हे अभिमानाने सांगितले गेले होते. ‘+९७२’ आणि ‘लोकल कॉल’ या नियतकालिकांनी नोव्हेंबर २०२३ आणि एप्रिल २०२४ मध्ये इस्रायली गुप्तचरांच्या निनावी कथनांवर आधारित वृत्तांत प्रसिद्ध केले. त्यांच्या म्हणण्यानुसार ‘गॉस्पेल’ ही प्रणाली इमारती सुचवत होती आणि ‘लॅव्हेंडर’ माणसे. युद्धाच्या सुरुवातीला ‘लॅव्हेंडर’ने सुमारे ३७,००० व्यक्तींवर खूण केली, ती साधारण दहा टक्के वेळा चुकते हे ठाऊक होते, आणि एकेका नावाच्या तपासणीला कधी कधी वीस सेकंदच दिले जात, तेही मुख्यतः लक्ष्य पुरुष आहे ना एवढे पाहण्यासाठी. इस्रायली लष्कराने हे नाकारले. आपण दहशतवादी ठरवण्यासाठी अशी प्रणाली वापरत नाही, ती माहिती पडताळण्याचा एक साठा आहे, आणि प्रत्येक लक्ष्याचे स्वतंत्र परीक्षण विश्लेषक करतात, असे त्याचे म्हणणे. वाचकाने दोन्ही बाजू नोंदवून ठेवाव्यात. मात्र वृत्तांतांतले तपशील क्षणभर खरे धरले, तर कायद्याच्या विद्यार्थ्याला काम सोपे आहे: ज्ञात दहा टक्के चूक आणि वीस सेकंद यांना ५७ व्या कलमातले ‘शक्य ते सर्व’ म्हणता येईल का? माझे उत्तर ‘नाही’ असे आहे. वेळ नव्हता, हा बचावही टिकत नाही, कारण वेळ युद्धाने हिरावला नव्हता. यादीच्या लांबीने हिरावला होता.

तरीही सगळे खापर यंत्रावर फोडणाऱ्यांच्या रांगेत मी उभा राहणार नाही. ७ मे १९९९ रोजी बेलग्रेडमध्ये चिनी दूतावासावर पडलेले बॉम्ब अचूक पडले होते, ज्या ठिकाणी टाकायचे ठरले तिथेच. तिथे दूतावास आहे, हे लक्ष्यनिवडीच्या माहितीसाठ्यात नव्हते. दूतावास १९९६ मध्ये तिथे हलला होता आणि नोंदी जुन्या राहिल्या होत्या. तीन चिनी पत्रकार मेले. २९ ऑगस्ट २०२१ ला काबूलमध्ये अमेरिकी विश्लेषकांनी एका पांढऱ्या गाडीचा कित्येक तास ड्रोनने माग काढला, पाण्याचे डबे स्फोटके समजले आणि दहा नागरिक मारले, त्यांतली सात मुले. तिथे आधी मनात धरलेले पडद्यावर दिसले, आणि माणसांच्या डोळ्यांनीच दिसले. अमेरिकी हवाई दलाच्या चौकशीत कायद्याचा भंग आढळला नाही आणि कोणालाही शिक्षा झाली नाही.

हा शेवटचा मुद्दा आपल्याला जबाबदारीच्या प्रश्नाकडे नेतो. जर्मन सेनापती लोथार रेंडुलिक यांनी १९४४ च्या माघारीत नॉर्वेचा फिनमार्क प्रांत जाळून बेचिराख केला. सोव्हिएत फौज पाठलाग करते आहे, असे त्यांना वाटत होते. ती करत नव्हती. १९४८ मध्ये न्यूरेंबर्गच्या न्यायालयाने या एका आरोपातून त्यांना सोडले (इतर आरोपांत ते दोषी ठरले). निर्णयाच्या क्षणी परिस्थिती त्यांना जशी दिसत होती त्यावरून त्यांना तोलायचे, असा तर्क होता. सेनाधिकाऱ्यांना न्याय देणारा हा तर्क यंत्रयुगात उलटा फिरतो. ‘पडद्यावर ०.९१ दिसत होते’ एवढे म्हटले की काम भागते? आकडा कशातून आला हे अधिकाऱ्याला ठाऊक नाही. प्रोग्रॅमरला लक्ष्य ठाऊक नव्हते. खरेदी करणाऱ्याने पत्रक वाचले होते. युद्धगुन्ह्याला इच्छा आणि जाणीव लागते, आणि इथे ती तुकड्यातुकड्यांनी वाटली गेली आहे. तत्त्वज्ञ रॉबर्ट स्पॅरो यांनी २००७ मध्ये स्वायत्त शस्त्रांच्या संदर्भात ही पोकळी दाखवून दिली होती. ती भरून काढणे अशक्य आहे, असे मला वाटत नाही. राष्ट्राची जबाबदारी कोणाच्याही मनातल्या हेतूवाचून उभी राहू शकते. नवे शस्त्र वापरात आणण्यापूर्वी त्याची कायदेशीर तपासणी करा, असे त्याच १९७७ च्या प्रोटोकॉलचे ३६ वे कलम सांगते, आणि निर्णयाला मदत करणाऱ्या सॉफ्टवेअरलाही ते लावावे असा आग्रह धरता येतो. पण सरकारे पैसे मोजतात तेव्हाही चूक मान्य करत नाहीत. इराण एअर ६५५ च्या मृतांसाठी अमेरिकेने १९९६ च्या समझोत्यात ६ कोटी १८ लाख डॉलर दिले, कायदेशीर दोष न स्वीकारता.

नीतीच्या बाजूने विरोधी पक्षाचे म्हणणे सर्वांत सशक्त रूपात वाचावे, ही माझी विनंती. रोनाल्ड आर्किन हे संगणकशास्त्रज्ञ २००९ पासून सांगत आले आहेत, की यंत्राला भीती नसते, सूड नसतो, मित्र मेल्याचा संताप नसतो. म्हणून ते माणसापेक्षा कायदा जास्त पाळू शकेल. माणसांनी केलेल्या कत्तलींचा इतिहास ज्याला ठाऊक आहे, त्याला हे हसण्यावारी नेता येत नाही. आर्किन यांच्या म्हणण्यासमोर माजी अमेरिकी सैनिक पॉल शार्रे यांचा अनुभव ठेवावा. अफगाणिस्तानात शार्रे यांच्या तुकडीभोवती पाच-सहा वर्षांची एक मुलगी शेळ्या घेऊन फिरून गेली. ती टेहळणी करत होती. युद्धाच्या कायद्यात वयाची अट नाही. तिच्यावर गोळी झाडणे कदाचित कायदेशीर ठरले असते. त्या सैनिकांपैकी कोणाच्या मनालाही ते शिवले नाही. कायदा पाळणारे यंत्र त्या जागी काय करेल? कायद्याने परवानगी दिलेले प्रत्येक मरण ते घडवून आणेल. आर्किन यांना दिलेल्या उत्तरांत याहून वजनदार उत्तर मला आढळलेले नाही.

राजनयाचा भाग थोडक्यात उरकतो, कारण तिथे घडले थोडेच आहे. जिनिव्हात २०१४ पासून स्वायत्त शस्त्रांवर चर्चा चालू आहे. २०१७ मध्ये सरकारी तज्ज्ञांचा औपचारिक गट बसला आणि पहिली दोन वर्षे त्याचे अध्यक्ष भारताचे अमनदीप सिंग गिल होते. २०१९ मध्ये अकरा मार्गदर्शक तत्त्वे निघाली. सर्वसहमतीची अट असल्याने करार निघालेला नाही. डिसेंबर २०२३ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत या विषयावरचा ठराव १५२ मतांनी संमत झाला, तेव्हा विरोधात पडलेल्या मोजक्या मतांत भारताचे मत होते. पुढच्या वर्षी भारत तटस्थ राहिला. चर्चेची योग्य जागा जिनिव्हाच, समांतर मंच नकोत, ही भारताची भूमिका. तिच्याशी असहमत होता येते, पण ती समजून न घेता नव्हे. ऑक्टोबर २०२४ मध्ये संरक्षण दलप्रमुखांनी सैन्यदलांसाठी विश्वासार्ह कृत्रिम बुद्धिमत्तेच्या मूल्यमापनाची एक चौकट जाहीर केली. त्या चौकटीत खातरजमेला किती वेळ आणि उंबरठा कोणाच्या सहीने, हे दोन प्रश्न कुठे बसतात, यावर मराठीत कोणी लिहिले तर मला ते वाचायला आवडेल.

लिहू शकणारे आपल्यात आहेत. खडकवासल्याच्या प्रबोधिनीतला छात्र, पाषाणच्या शस्त्रास्त्र संशोधन संस्थेतला शास्त्रज्ञ आणि हिंजवडीत चित्रओळखीचे सॉफ्टवेअर लिहिणारी अभियंता या सर्वांचा या विषयाशी संबंध येऊ शकतो, काहींचा नकळत. पेंटागॉनचा ‘मेव्हन’ प्रकल्प ड्रोनची चित्रफीत वाचण्यासाठी होता आणि त्यात गूगलही सामील होती. २०१८ मध्ये गूगलच्या तीन हजारांहून अधिक कर्मचाऱ्यांनी त्याविरुद्ध पत्र लिहिले आणि कंपनीने करार पुढे चालवला नाही. शस्त्रांसाठी हे तंत्रज्ञान न वापरण्याचे वचन मात्र तिने फेब्रुवारी २०२५ मध्ये आपल्या तत्त्वांतून काढून टाकले.

पुढचे लेख कोणत्याही क्रमाने वाचता येतील. कायद्याच्या विद्यार्थ्याने आकडेवारीच्या प्रकरणापासून सुरुवात करावी आणि वरचा दहा लाखांचा हिशेब वेगळे आकडे घेऊन स्वतः करून पाहावा. इंजिनिअरांनी ५० आणि ५७ ही कलमे आधी वाचावीत. दोन्ही मिळून दोन पानेही भरत नाहीत. लष्करातल्या वाचकांनी मात्र थेट ‘व्हिन्सेन्स’च्या प्रकरणाकडे जावे आणि नौकेवरच्या प्रत्येक माणसाला त्या मिनिटांत काय ठाऊक होते, त्याचा तक्ता मांडावा.